ऐकायला दोघं लागतात

काचीगुड्याचे मुकुंदराव चेहऱ्यावरून भजनी मंडळाचे अध्यक्ष वाटतात. प्रत्यक्षात हा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ कॉलेजपासून एकच इंग्रजी रॉक अल्बम ऐकत आलाय.

ती रेकॉर्ड चार मित्रांनी मिळून घेतली होती. भिशीसारखी ती दर महिन्याला घर बदलायची. नियम एकच: एकट्यानं ऐकायची नाही, निदान दोघं हवेत. पुढं दोन मित्र वारले, तिसरे प्रमोद मुलाकडे अमेरिकेत गेले. रेकॉर्ड मुकुंदरावांकडे राहिली, आणि नियमही. त्यांच्या पत्नी सरोजकाकू होत्या तोवर भाजी निवडत त्या दुसऱ्या व्हायच्या. त्या गेल्या आणि वरच्या खोलीतला भाडेकरू म्हणून माझी बढती झाली. रविवारी जिन्यातून हाक यायची, "केदार, ये रे, कोरम पाहिजे!"

आमच्या उदगीरच्या शाळेत इंग्रजीसुद्धा मराठीतून शिकवायचे. मला एक शब्द कळायचा नाही.

"आम्हाला तरी कुठं कळायचं? कळायला लागलं तेव्हा थोडं बिघडलंच."

"पण काका, इतकी वर्षं तेच तेच?"

"तेच कुठं रे? विशीत वाटायचं, हा गाणारा घर सोडून निघालाय. आता वाटतं, घरचे निघून गेलेत आणि हा दारात उभाय."

मग माझं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीला हललं, मीही हललो. "नक्को परेशान होऊ, मिळेल कुणीतरी," काका म्हणाले. वरच्या खोलीत कुलदीप आला, तो चोवीस तास कानात इअरफोनची बोंडं घालून.

महिन्याभरानं मी फोन केला. "रेकॉर्ड लावता ना?"

"नाही रे. कोरम नाही."

"एकट्यानं ऐका की. कोण बघतंय?"

"कुणी बघत नाही म्हणून तर नियम पाळायचा."

"मग स्पीकरजवळ फोन ठेवा. मी इथून ऐकतो."

वकिलासारखा विचार करून म्हणाले, "हौ. दोघं एकाच घरात हवेत असं काही ठरलं नव्हतं."

त्या रविवारी मी गच्चीवर फोन कानाला लावून बसलो. दुसरं गाणं सुरू झालं आणि फोन कटला. पुन्हा लावला, तिकडं कुणी उचलेना. त्या गिटारीत त्यांना रिंग काय ऐकू येणार! म्हातारा तिकडं एकटाच ऐकत होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. मी घाईघाईनं मोबाईलवर तोच अल्बम शोधला, अंदाजानं पुढं सरकवला आणि ऐकत राहिलो. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच, शेजारी ते नसताना.

बाजू संपली तसा त्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"फोन कटला होता की रे. खरं सांग, ऐकलंस? नाहीतर हे ऐकणं मी धरत नाही."

"इथं लावून ऐकलं. शेवटपर्यंत."

"शेवटची गिटार कशी वाटली?"

"एकटी वाटली, काका."

पलीकडं घासत राहिलेली सुई त्यांनी उचलल्याचा आवाज आला.

"मग ऐकलंस. थांब, बाजू बदलतो."