प्रयोगशाळेतल्या फोटोला हार

भोकरदनच्या आमच्या कॉलेजात खंडेनवमीला प्रयोगशाळेची पूजा होते. व्होल्टमीटर, लंबक, भिंगं, प्रिझम, सगळं टेबलावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. मी अकरावीत होते त्या वर्षी शिपाई मावशींकडे एक हार उरला. भिंतीवर एक जुना, तपकिरी पडलेला फोटो होता. कोट घातलेल्या गोऱ्या पुरुषांच्या रांगा आणि पुढच्या रांगेत एकच बाई. मावशींना वाटलं, संस्थेचे कुणी जुने लोक असतील. त्या स्टुलावर चढल्या आणि हार फ्रेमला अडकवला.

आमचे फिजिक्सचे सर दारातूनच ओरडले, "काढा तो हार! जल्दी काढा! जिवंत माणसाच्या फोटोला हार घालून राह्यले तुम्ही!"

मावशी घाबरून खाली उतरल्या. पुढं बरेच दिवस कॉलेजात कुजबुज चालली की सर मुसलमान, त्यांच्यात चालत नसेल. मला त्या कुजबुजीची चीड यायची. बाकीच्या सगळ्या यंत्रांना सरांनी स्वतःच्या हातानं फुलं वाहिली होती, ते कुणाला दिसलं नाही.

फोटोतली ती मंडळी म्हणजे अणूच्या पोटात काय चालतं ते शोधणारे युरोपातले शास्त्रज्ञ, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे. सगळे कधीच गेलेले. पण सर त्यांच्याविषयी असं बोलायचे जणू काल संध्याकाळी एस्टी स्टँडवर भेट झाली. "हा बघा, मोठ्या डोक्याचा. घरी पाहुणा आल्ता, तापानं फणफणला. तरी हा त्याच्या उशाशी बसून इलेक्ट्रॉनवरून वाद घालून राह्यला. पाहुणा पार कावून गेला, पन हा सोडतो का!" मला एकदा कावीळ झाली तेव्हा सर खरंच आमच्या घरी आले आणि खाटेच्या कडेला बसून तासभर प्रकाशाच्या लहरींवर बोलले. आई दारामागून मला खुणावत होती, यांना आता घालव म्हणून.

माझा लाडका होता त्यातला एक तरुण. त्याला गवताच्या परागांचा भारी त्रास, तोंड सुजून भोपळा व्हायचं. शेवटी तो समुद्रातल्या एका बेटावर जाऊन राहिला. तिथं झाड नाही, गवत नाही, नुसता खडक. नाक मोकळं झालं तसं डोकंही मोकळं झालं. इलेक्ट्रॉन अणूत कसा फिरतो याची चित्रं काढत बसायचं सोडून द्यावं, जे मोजता येतं तेवढ्याचंच गणित मांडावं, हे त्याला तिथं सुचलं. मग झोप कुठली लागायला! तो एका सुळक्यावर चढला आणि सूर्य उगवायची वाट बघत बसला.

मी हसनाबादहून एस्टीनं यायचे. पावसाळा सरत आला की रस्त्याच्या दोन्ही कडांना गाजरगवत कमरेएवढं वाढायचं आणि माझे डोळे सुजून बंद व्हायचे. सगळा तास शिंकण्यात जायचा. सर म्हणायचे, "हिची त्या बेटावर सीट बुक करून टाका रे." वर्ग खो खो हसायचा. मी मात्र मनात खरंच निघाले होते. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. बाहेर पाहुणे बसलेले असायचे, आत मी चहा गाळायचे आणि डोक्यानं त्या खडकावर असायचे. पुढं शिकायचं म्हणून घरात भांडले ती त्या बेटापायी. कुणी हसलं तर हसू दे.

सरांची गोष्ट दर वर्षी एकाच ठिकाणी थांबायची. फोटो काढला, सगळे जेवायला गेले, संध्याकाळी पुन्हा वाद सुरू. बस्स. मंग पुढं काय झालं, असं कुणी विचारलं की सर डस्टर उचलायचे. "पुढचं पुढं. आधी गणित उतरवा." युद्ध त्यांनी वर्गात शिरूच दिलं नाही. एम. एस्सी. करताना मी बॉम्बचं सगळं वाचलं. बेटाचं पुढं काय झालं ते मात्र मी कधी शोधलं नाही.

शिकून मी त्याच कॉलेजात लागले, त्याच प्रयोगशाळेत. सर निवृत्त झाले, तरी दर खंडेनवमीला यायचे आणि फोटोची काच आपल्या रुमालानं पुसून जायचे. मीही पोरांना त्याच गोष्टी सांगायचे, त्याच ठिकाणी थांबायचे. मग हळूहळू बाकं रिकामी होत गेली. पोरांची नावं आमच्याकडे आणि पोरं संभाजीनगरच्या क्लासला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला तेवढी तोंडं दिसायची, आणि त्यांना लंबक कुठला, भिंग कुठलं तेही मला दाखवावं लागायचं.

यंदा संस्थेनं सांगून टाकलं, वर्गात बसणारी पोरं आणा, नाहीतर दिवाळीनंतर विज्ञान शाखा बंद. मी गावोगाव फिरले. हसनाबादेत एका मुलीच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बराबर हे. पन पोरगी क्लासला हे. हजेरीचं तेवढं बघून घ्या." वाईट माणूस नव्हता तो. म्हणूनच जास्त वाईट वाटलं. कुणीही आलं नाही.

शेवटच्या खंडेनवमीला मावशींनी आणि मी यंत्रं मांडली. सर काठी टेकत आले. हातात कागदात गुंडाळलेला झेंडूचा हार होता.

"घाल," सर फोटोकडं बघून म्हणाले.

मला संताप आला. "जिवंत आहेत म्हणत होतात ना तुम्ही?"

"समोर पोरं बसून राह्यली तोपर्यंत होते," ते म्हणाले आणि पहिल्या बाकावर बसले. मग त्यांनी पुढचं सांगितलं, मला एकटीला. जन्म अमुक घरात झाला एवढ्यासाठी कितीकांना देश सोडून पळावं लागलं. त्यातले काही समुद्रापार बॉम्ब बनवायला बसले. बेटावरचा तरुण मायदेशीच राहिला आणि तिकडच्या सरकारसाठी अणूचं काम करू लागला. लढाई ऐन भरात असताना तो त्या मोठ्या डोक्याच्या, वाद घालणाऱ्या माणसाला, म्हणजे आपल्या गुरूला, भेटायला गेला. दोघांत काय बोलणं झालं ते कुणालाच नीट ठाऊक नाही, पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही. यातलं बरंचसं मला माहीत होतं. तरी सरांच्या तोंडून ऐकवत नव्हतं.

"आणि बेट?" मी विचारलं.

सर काठीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. "लढाई संपली. जिंकणाऱ्यांनी उरलासुरला दारूगोळा त्या बेटात भरला आन उडवून दिला. बेटाचं एक अंगच गेलं."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? सुजल्या डोळ्यानं तू तिथंच निघाल्ती."

मी स्टुलावर चढले. मावशींनी स्टूल धरलं. हार फ्रेमला नीट बसेना, एकदा सरकून त्या बाईच्या तोंडावर आला, तो सारखा केला. खाली उतरले तेव्हा मला समोरचं काही दिसत नव्हतं. सरांनी काच पुसायचा रुमाल माझ्यापुढं धरला.

"गाजरगवत?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, सर."