सेरेसवरचं मीठ

कालवणात मीठ पडलंय की नाही, हे तुळसाबाई चव न घेता नुसत्या वासावर सांगायची. उगाच नाही, बावीस वर्षं खाडीकाठच्या मिठागरात गेली होती बाईची. सोळाव्या वर्षी मिठाची पाटी डोक्यावर घेतली, ती मिठागर बंद पडलं तेव्हाच खाली ठेवली. पुढं ठाकुर्लीला सासरच्या जमिनीवर टॉवर उभा राहिला आणि तुळसाबाई आठव्या मजल्यावर जाऊन बसली. लिफ्टमध्ये कुणी पूर्वीचा धंदा विचारलाच, तर मुलगा प्रफुल्ल सांगायचा, "आमची शेती होती." शेतीही होती म्हणा, खोटं नाही. पण मिठाचं नाव तो काढायचा नाही. तुळसाबाई मनात म्हणायची, राहू दे, पोराला ठाण्याच्या हापिसात चार लोकांत बसायचं असतं.

२०१५चा उन्हाळा होता. नववीत जाणारी नात मेघाली लॅपटॉप घेऊन धावत आली.

"आजी, बघ! डॉनने फोटो पाठवलेत!"

"कंचा डॉन? पोलिसांना कलवलं का?"

"अगं, यान आहे ते! आणि हा सेरेस, बटुग्रह. इतक्या जवळून त्याला पहिल्यांदाच बघतोय आपण."

काळपट, खड्ड्याखड्ड्यांचा गोळा. दिसायला काही खास नाही. पण एका खड्ड्याच्या मधोमध पांढरेशुभ्र ठिपके लकाकत होते. ते कसले, यावर शास्त्रज्ञही बुचकळ्यात पडले होते. नासाने तर लोकांनाच विचारलं होतं, ओळखा पाहू, बर्फ, ज्वालामुखी, मीठ की आणखी काही? मेघाली दर रविवारी डोंबिवलीच्या ज्या आकाश मंडळात जायची, तिथं स्वानंद सरांनीही तोच प्रश्न फळ्यावर लिहिला होता.

तुळसाबाईने चष्मा चढवला, नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकली आणि म्हणाली, "मीठ हाय गो."

"आजी, तिथं समुद्र नाहीये!"

"समुद्र कशाला पायजे? उन्हाल्यात आपली खाजणाची जमीन बघ. वरून थेंब नाय, तरी सकाली पांढरी. खार फुलतो. मातीच्या पोटातलं खारं पानी वर येतं, पानी उडतं आन् मीठ रातं. पानी शेवटाला जिथं साचतं, तिथं जाड थर. खड्ड्याच्या मधीच हाय का नाय, सांग?"

मेघालीला पटलं. तिने कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, मीठ.

रविवारी ती परत आली ती दप्तर सोफ्यावर आपटूनच. जवळजवळ सगळ्यांनी बर्फ लिहिलं होतं. मीठ लिहिणारी ही एकटीच. चिराग नावाच्या एका आगाऊ पोराने विचारलं, "मग सोबत उकडलेली अंडी पण आहेत का?" अख्खा वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुझ्या उत्तराला आधार काय?" आणि ही मान खाली घालून उभी.

"मंग सांगायचं ना, आजी बोलली म्हनून."

"काय सांगू? माझी आजी मिठाच्या पाट्या उचलायची, असं?"

शब्द निसटला तो निसटला. तुळसाबाईच्या अगदी जिव्हारी लागलं. त्या ग्रहावर मीठ असो नाहीतर राख, तिला काय त्याचं! पण आपल्या बावीस वर्षांची नातीला लाज वाटते?

ती भांडली नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून घरात कालवण अळणी व्हायला लागलं. तिसऱ्या दिवशी प्रफुल्लने धीर केला. "आई, मीठ विसरलीस काय?"

"मिठाचं नाव कशाला काढता? चांगल्या लोकांत शोभत नाय ते."

असे आठ दिवस गेले. मग हात आपोआप मिठाच्या बरणीकडे वळला आणि मीठ पडायला लागलं, पण मिठागराचा विषय घरात बंदच झाला. मेघालीही आजीशी कामापुरतंच बोलायची. नजरही चुकवायची.

डिसेंबरात बातमी आली. ते ठिपके म्हणजे बहुतेक मीठच! खायचं नव्हे, दुसऱ्या जातीचं, पण मीठ. मेघालीने पेपर आजीपुढं ठेवला आणि एवढंच म्हणाली, "रविवारी तू पण चल."

तुळसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली खरी, पण बसली शेवटच्या रांगेत. सरांनी मेघालीला पुढं बोलावलं. "शाब्बास! पण माझा प्रश्न अजून बाकी आहे. आधार काय होता?"

तुळसाबाईला वाटलं, आता सांगेल, इंटरनेटवर वाचलं. सांगू दे बापडी, वय आहे तिचं.

मेघालीने मान वर केली. "माझी आजी, सर. बावीस वर्षं मिठागरात काम केलंय तिने. पाट्या उचलायची. ती बघा, मागे बसलीय."

सगळी मुलं वळली. चिरागसुद्धा. तुळसाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पदराने पुसेपर्यंत सरांनी तिला हाताला धरून पुढंही आणलं. भिंतीवर सेरेसचा भलामोठा फोटो.

"आजी, आणखी काय दिसतंय तुम्हाला?"

तिने नीट निरखून पाहिलं. "मीठ तयार हाय. मानसं पाठवा आन् पावसाआधी उचला."

"तिथं पाऊस पडत नाही, आजी."

"मंग ऱ्हाऊ द्या. घाई नाय."

वर्ग पुन्हा खिदळला. या खेपेला सगळ्यांत मोठ्यांदा मेघाली हसत होती.

परतताना रिक्षात पोरगी आजीच्या खांद्याला डोकं टेकून बसली. माफी कशी मागावी ते तिला सुचत नव्हतं. तुळसाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. "जागलीस गो बाय, खाल्ल्या मिठाला."

त्या दुपारी आनंदाच्या भरात कालवणात मीठ दोनदा पडलं. प्रफुल्लने पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि काही बोलणार तोच मेघालीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने मुकाट्याने आणखी भात वाढून घेतला.