वर सण, खाली नावं

नानांची आणि माझी ओळख माझ्या कवितांच्या वहीमुळे झाली. धरणगावच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. सुटीच्या दिवशी जळगावला यायचं आणि स्टेशनरस्त्यावरचा तो मोठा काळा फळा वाचत उभं राहायचं, हा माझा छंद. फळ्याच्या वरच्या अर्ध्यात त्या दिवसाच्या सणाच्या शुभेच्छा, रंगीत खडूंनी. खालच्या अर्ध्यात आदल्या दिवसाच्या बातम्या, पांढऱ्या खडूने. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सणवार पब्लिसिटी’. एकदा धीर करून मी त्या फर्मच्या दीड खोलीच्या कचेरीत शिरलो आणि मालकांपुढे वही ठेवली. त्र्यंबकनानांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग म्हणाले, “मास्तर, गोड लिहिता. पण आमचा वाचक सायकलवर असतो, तो पाय टेकणार नाही. चार ओळी द्या.”

पुढे आठ वर्षं मी त्यांना चार-चार ओळी देत आलो. पोळा, कानबाई, दसरा, संक्रांत. थिएटरात मध्यंतराला दाखवायच्या काचेच्या स्लाइडी, पेपरातल्या शुभेच्छांच्या चौकटी आणि जळगाव-धुळ्याचे दोन फळे, एवढाच फर्मचा पसारा होता. सणाचा भाग कुणीतरी व्यापारी पैसे देऊन घेई आणि शुभेच्छांखाली त्याचं नाव येई. खालचा भाग मात्र नानांनी कधी कुणाला दिला नाही. अपघातात माणसं गेली तर ते ‘दोन ठार’ असं लिहीत नसत. सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन नाव-गाव विचारून येत. “आकडा वाचून माणूस पुढे जातो, मास्तर. नाव वाचलं की थांबतो. विचारतो, कुणाचा रे हा?”

माझ्या पत्नीचं धुळ्याला ऑपरेशन झालं तेव्हा शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मला रोज जाणं जमेना. फळ्याच्या कामाला म्हणून नाना बारा दिवस धुळ्यात राहिले. प्रत्यक्षात ते दोन्ही वेळा डबा घेऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेले असत. मला हे पत्नीनेच नंतर सांगितलं. नानांनी नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिथे येतो. नानांच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने माझ्याकडे खरं तर गौरवगीत मागितलं होतं. मी ते दिलं नाही. नानांवर गीत लिहिण्याचा माझा हक्क एका आखाजीच्या पहाटे संपला.

आखाजी हा आपल्या खानदेशात सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दुपारी शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाला आग लागली. दाराला बाहेरून कडी होती. आत सातपुड्याच्या पायथ्याहून मजुरीला आलेल्या चार बाया होत्या. नाना फळ्यासाठी धुळ्याला गेलेले. मीच सिव्हिलला गेलो, चौघींची नावं चिठ्ठीवर उतरवली आणि नानांना ट्रंक कॉलवर सांगितली. ते म्हणाले, “मी इथे लिहितो. तुम्ही तिथे लिहा. वर सण, खाली नावं. आणि कडी बाहेरून होती, तेही लिहा.”

आखाजीच्या शुभेच्छा त्याच जिनिंगमालकाने घेतलेल्या होत्या.

पहाटे मी फळा पुसत होतो तेव्हा जिनिंगमालकाचे दिवाणजी आले. दमदाटी केली असती तर मी कदाचित उभा राहिलो असतो. ते हसून म्हणाले, “मास्तर, सणाच्या दिवशी मढी कशाला मांडता? आज पोरी माहेरी येतील. आणि तुम्हाला तरी नानांनी आठ वर्षांत चार ओळींच्या पुढे जाऊ दिलं का? आज सगळा फळा घ्या. तुमची ती झोक्याची कविता लिहा. आख्खी लिहा!”

ती कविता माझी लाडकी होती. सोळा ओळींची, वृत्तात चोख. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी वर शुभेच्छा लिहिल्या आणि खाली, नावांच्या जागी, कविता लिहिली. हिरव्या खडूने, कडेला वेलबुट्टी काढून. लोक सायकलवरून उतरून वाचू लागले. एकजण म्हणाला, “वा मास्तर, आज खरी आखाजी!” मी सुखावलो, हेही लिहून ठेवतो.

नऊच्या सुमारास एक म्हातारा गर्दीत आला. सिव्हिलमधून लेकीचं प्रेत ताब्यात मिळायचं होतं, तोवर कुणीतरी त्याला सांगितलेलं की नानांच्या फळ्यावर नावं लिहितात. त्याला वाचता येत नव्हतं. माझ्याच बाहीला धरून त्याने विचारलं, “भाऊ, मनी पोरनं नाव लिखेल शे का आठे? जरा वाची सांग ना.”

मी काही बोलायच्या आत बाजूचा एकजण म्हणाला, “नाव नाही बाबा, झोक्याचं गाणं लिखेल शे.”

त्याच वेळी नाना धुळ्याच्या एसटीतून उतरून आले. त्यांनी कविता वरपासून खालपर्यंत वाचली, जशी पूर्वी माझी वही वाचली होती. “कविता चांगली शे, मास्तर,” ते म्हणाले. “पुसा आते.”

मला हात उचलवेना. नानांनीच आपला पंचा ओला करून फळा पुसला, वरच्या शुभेच्छांसकट. चौघींची नावं पूर्ण फळाभर लिहिली आणि प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून त्या बापाला त्याच्या लेकीचं नाव दाखवलं.

पोळ्यापासून शुभेच्छा यायच्या थांबल्या. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीत पेपरची एक चौकटही मिळाली नाही. पुढची आखाजी ‘सणवार पब्लिसिटी’ने पाहिली नाही. ज्यांनी तेव्हा पाठ फिरवली, त्यांच्याच पेढ्यांच्या पानपानभर शुभेच्छा या ग्रंथाच्या मागच्या अंगाला आहेत. वाचकांनी त्या जरूर पाहाव्यात. आज केबलवर सणाच्या पट्ट्या सरकत असतात, त्यांत सगळं गोड असतं. आपण सगळ्यांनी मिळून हेच मागितलं होतं, आणि मागणाऱ्यांत मी पहिला.

नानांनी मला त्याबद्दल एक शब्द कधी ऐकवला नाही. भेटलो की चहा मागवतात, पत्नीची प्रकृती विचारतात. फर्म बंद होईपर्यंतच्या महिन्यांत माझ्याकडे ओळी मात्र मागितल्या नाहीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. त्यात मी नावं घातली होती. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “तीनच झाली.” मी पुष्कळ आठवून पाहिलं. सोळा ओळी मला आजही पाठ आहेत, चौथं नाव आठवेना. नानांनी ते सांगितलं. ते त्या म्हाताऱ्याच्या लेकीचं होतं.

जमना, रायली, सुमन, गीता.

नाना, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, डोळे आणि स्मरण शेवटपर्यंत शाबूत राहोत. हे मी रिवाज म्हणून लिहीत नाही. या दोन जिल्ह्यांत न चुकता ही चार नावं सांगणारे तुम्ही एकटेच उरला आहात.