मदरशातली पुस्तकं
ज्वारीच्या पोत्याचा धुळकट वास आला की मला अजून बेचैन व्हायला होतं. निजामाच्या काळात मी मानवतला नवी सून होते. घराला लागून जुना मदरसा होता. त्याआधी तिथं वाटसरूंची सराई होती म्हणत, आणि त्या वर्षी सरकारनं शेतकऱ्यांकडून सक्तीनं घेतलेल्या लेव्हीच्या ज्वारीसाठी तो मदरसा ताब्यात घेतला. एके दिवशी भर दुपारी मदरशातली पुस्तकं तिथल्याच अंगणात टाकली आणि हमाल त्यांच्यावरून पोती आत न्यायला लागले. मदरशाचे म्हातारे मौलवी आमच्या दाराशी आले. “बेटी, आठ रोज ठेवशील का?” तेव्हा गावात हिंदू-मुसलमान एकमेकांशी मोकळं बोलत नव्हते. कुणी पाहिलं तर, या भीतीनं मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, “बघायलीस काय? अक्षर हाय ते, पायाखाली जायलंय. आण आत.” आम्ही दोघींनी पदरात भरभरून पुस्तकं आणली आणि देवघरात रचली. पुढं आठ दिवस कडी वाजली की मी आधी देवघराचं दार लोटून घ्यायचे. नवव्या दिवशी मौलवी बैलगाडी घेऊन आले, एकेक पुस्तक कपाळाला लावून गाडीत ठेवत गेले. गाडी वळणाआड गेली तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. आता त्या इमारतीत मुलींची शाळा भरते, आणि मौलवी कुठल्या गावी निघाले होते एवढंही मी विचारलं नाही, हे मला रोज टोचतं.