मास्तरांची मार्जिनवाली गाडी

मास्तर गेल्यापासून भेटायला येणारं माणूस आधी दुकानाच्या मागच्या खोलीत डोकावतं आणि मग बसतं. गाडी आहे ना, विचारतात. आहे. जाईल कुठे. हे जे सांगायचंय ते त्या गाडीचंच, कारण नुसतं "टेलर होते, चांगले होते, गेले" एवढं सांगून आमच्या घरात कुणाचं मन भरत नाही.

मास्तर म्हणजे लेडीज-जेंट्स दोन्ही शिवणारे टेलर. खाली दुकान, वर घर. लग्न केलं नाही. सगळ्यांची मापं घेता घेता आपलं राहून गेलं, असं स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. सोबत थोरली बहीण, तिला सगळेच अक्का म्हणतात. अक्काने उभा जन्म लॉन्ड्रीची व्हॅन चालवली, हॉटेलांच्या चादरी आणायच्या, पोचवायच्या. ते काम सुटल्यावर दुकानात काज-बटण करायला बसली. अंगाने आडवी, बुटकी, आणि तोंडाने तिखट. मास्तर उंच, वाळके, खांदे पुढे आलेले. दोघं शेजारी उभे राहिले की सुई आणि रीळ दिसायचे.

तर या मास्तरांना म्हातारपणाच्या तोंडावर मोटारींच्या रेसचा नाद लागला. एका गिऱ्हाइकाने रेसमध्ये घालायचा, गळ्यापासून पायापर्यंतचा एकसंध अंगरखा उसवलाय म्हणून आणला, तो पोचवायला मास्तर ट्रॅकवर गेले आणि तिथेच अडकले. तिकडे सगळ्या गाड्या एकदम सोडत नाहीत. एकेक गाडी सोडतात, सरळ पट्टा, मग वळणं, मग शेवटची रेघ, आणि घड्याळ लावून वेळ मोजतात. बरीचशी मंडळी हौशी, गाड्या घरीच जोडलेल्या. शेवटी एका काळ्या फळ्यावर खडूने सगळ्यांची नावं आणि पुढे वेळ लिहितात. मास्तर तो फळा बघत बसले. घरी येऊन म्हणाले, "अक्का, आपण एक गाडी शिवूया."

शिवूया म्हणाले. बनवूया नाही.

आणि खरंच शिवली. मागच्या खोलीत जमिनीवर खाकी कागद पसरले, आधी स्वतःचं माप घेतलं, बसल्या अंगाचं, पाय लांब करून. टेप धरायला अक्का. मग कागदावर गाडी बेतली, पुढचा भाग, पाठ, दोन बाजू. मोडीत निघालेल्या लहान गाडीचं इंजिन मिळालं. पाईप कापायला गल्लीच्या टोकाचा वेल्डर आला.

वेल्डर म्हणाला, "मास्तर, हा पाईप बोटभर जास्त होतोय."

"होऊ दे. मार्जिन आहे."

"लोखंडाला कसलं मार्जिन?"

"धुतल्यावर आटलं तर?"

वेल्डरला आधी वाटलं चेष्टा आहे. पण मास्तरांचा हात तसा वळलेलाच नव्हता. चाळीस-पन्नास वर्षं जो माणूस शिवणीच्या आत दोन बोटं कापड ठेवत आला, उद्या पोर वाढेल, बाई बाळंत होऊन येईल, माणूस सुटेल, तो पाईप काटेकोर कापेल होय? गाडी सगळीकडून बोट-बोट मोठी झाली. सांगाड्याची चौकट वेल्डरने पक्की जोडली, पण सीट, पेडल, स्टेअरिंगचा दांडा, हे मास्तर काही पक्कं करू देईनात. लांब भोकांच्या पट्ट्या लावायच्या आणि बोल्ट. म्हणे आधी कच्ची टीप. ट्रायल झाल्याशिवाय पक्की टीप मारायची नाही.

अक्का वरून चहा घेऊन यायची आणि बघून जायची. "काय बेबी फ्रॉक आहे का रे, वाढत्या अंगाचा? तू आता वाढणार आहेस का कमी होणार आहेस?"

"तू चहा ठेव आणि जा."

गाडी झाली. अंगरखाही स्वतःच शिवला, लाल, त्यालाही आत भरपूर मार्जिन. फक्त लेबल लावलं नाही. मास्तरांच्या दुकानाचं एक लेबल होतं, लहानसं, पिवळ्या धाग्याचं, कॉलरच्या आत लावायचे. पण त्यांचा नियम होता, गिऱ्हाइकाने घातलं, आरशात बघितलं, हात वर-खाली केले, बरं म्हणाला, की मगच लेबल. दुकानात एक फळी होती, शिवून ठेवलेले आणि कुणी न्यायलाच न आलेले कपडे घडी घालून त्यावर. त्यातल्या एकालाही लेबल नाही. मास्तर म्हणायचे, कुणी अंगात घातला तर तो कपडा, तोवर नुसतं कापड.

गाडीचंही तेच. फळ्यावर वेळ लागली तर ती गाडी. तोवर लोखंड.

पहिल्या खेपेला काय झालं, तर वळणावर गाडी वळायला जागा पुरेना. लांबी जास्त ना. मास्तर सरळ गवतात. भोंग्यावरून बोलणारी एक बाई असते तिकडे, ती म्हणाली, "मास्तर गवत कापून आलेत, टाळ्या!" फळ्यावर नावापुढे वेळेच्या जागी आडवी रेघ.

दुसऱ्या खेपेची गोष्ट तर आमच्याकडे अजून जेवताना सांगतात. कच्ची टीप म्हणून बोल्ट आवळलेच नव्हते पुरते. झेंडा पडला, मास्तरांनी पाय दाबला, गाडी पुढे आणि सीट मागे! पाय पेडलवरून सुटले, मास्तर आडवे, तोंड आभाळाकडे, आणि गाडी गोगलगायीसारखी पुढे जाऊन आपोआप थांबली. माणसं धावली, वाटलं काही झालं. मास्तर तसेच झोपून म्हणाले, "पाठीत ढिली आहे." पुन्हा रेघ.

अक्का म्हणाली, "दोन रेघा झाल्या. तिसरी मारली की तुझं नाव खोडलंच समज."

त्यानंतर मात्र मास्तरांनी मनावर घेतलं. वेल्डरला बसवून जास्तीची लांबी कमी केली, बोल्ट आवळले, पण लांब भोकांच्या पट्ट्या काही काढल्या नाहीत. हंगामाची शेवटची रेस होती. त्या आठवड्यात दुकानात ते शिट्टी वाजवत शिवायचे. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टला तीन खिसे एकाच बाजूला लावले, इतकं लक्ष कुठे होतं.

रेसच्या सकाळी तिकडे तंबूत डॉक्टर बसते, सगळ्यांना तपासते, मगच सोडते. तरुण पोरगी. तिने मास्तरांच्या दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. छातीला नळी लावली. मग म्हणाली, "काका, नाही सोडता येणार तुम्हाला."

"आज नाही का?"

"आजही नाही आणि पुढेही नाही. आधी हृदयाचा डॉक्टर गाठा. घरी रोजची गाडी चालवा, पण हे नाही."

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांना वाद यायचाच नाही, गिऱ्हाईक बाही तोकडी झाली म्हणालं की हे टेपसुद्धा न लावता उसवायला घ्यायचे. बाहेर आले. अक्का गाडीपाशी डबा उघडून बसलेली. तिला म्हणाले, "झालं."

"काय झालं?"

"ट्रायल झाली नाही."

आणि खाली बसून त्यांनी तो लाल अंगरखा मांडीवर घेतला आणि घडी घालायला लागले. बाह्या आत, मधोमध दुमड, वर हाताने इस्त्रीसारखं फिरवलं. अक्काने ती घडी ओळखली. अशीच घडी घालून ते कपडे त्या फळीवर ठेवायचे, न्यायला कुणी न येणारे. तिने डब्याचं झाकण लावलं. हात पुसले. समोर बघत म्हणाली, "टेप काढ."

"कशाला?"

"माझं माप घे."

आता हे तुम्हाला कळायला पाहिजे. अक्काने जन्मात कुणाला माप घेऊ दिलं नव्हतं. सख्ख्या भावालाही नाही. जुना कपडा पुढे टाकायची, याच्यावरून शीव म्हणायची, आणि मास्तर गुपचूप दोन बोटं वाढवायचे. आणि ती आज मैदानात, सगळ्यांसमोर, हात पसरून उभी.

"अगं पण तू... त्यात..."

"व्हॅन चालवली ना? मागे चादरींचे गठ्ठे आणि पुढे गल्ली एवढीशी. हे तर सगळं रिकामं आहे. घे लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

"आणि आकडा मोठ्याने बोललास तर बघ," हेही म्हणाली.

मास्तर पळत भोंगेवाल्या बाईकडे. ती म्हणाली चालक बदलता येतो, लायसन दाखवा आणि तपासून घ्या, दुपारच्या फेरीला सोडते. डॉक्टरणीने अक्काला पट्टा बांधला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही घोड्यासारख्या आहात."

"घोडी म्हण हवं तर, पण सही कर," अक्का म्हणाली.

मग जी धांदल. मास्तरांच्या खिशात ब्लेड, सुई, दोरा कायमच. अंगरख्याच्या दोन्ही बाजू उसवल्या, आत ठेवलेलं मार्जिन सगळं सोडलं, पुन्हा टीप घातली, पायाला दुमडून वीतभर आत घेतलं. मग गाडी. पाना घेऊन सीट पुढे, पेडल मागे, स्टेअरिंगचा दांडा खाली. शेजारच्या गाडीवाला एक जाडजूड बेकरीवाला होता, तो बघत उभा. त्याची गाडी मापात वेल्ड केलेली, बायकोला एकदा बसायचं होतं तर तिचे पाय पोचले नव्हते. म्हणाला, "मास्तर, हे सगळं सरकतं कसं काय?"

"कच्ची टीप आहे," मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या होत्या.

अक्काला आत बसवलं. पट्टे बांधले. अंबाडा सोडून हेल्मेट चढवलं. आतून आवाज आला, "काखेत काचतंय."

"हात वर कर. आता?"

"आता बरंय. सरक. आणि ऐक, बोल्ट आवळलेस ना?"

मास्तरांनी पुन्हा सगळे आवळून बघितले. मग पुन्हा एकदा.

कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. त्या माणसाला स्वतः बसताना कधी भीती वाटली नव्हती, आता मात्र वाटत होती. गळ्यातली टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली. झेंडा पडला. गाडी गचकन उडाली, बंद पडेलसं वाटलं, पडली नाही, निघाली. सरळ पट्ट्यावर बरी गेली. मग ते वळण आलं, गवताचं. मास्तरांनी डोळे मिटले, मग एक उघडला. अक्काने व्हॅन गल्लीत घालावी तशी आधी हळू केली, बाहेरून घेतली, आणि नीट वळवली. हॉर्न शोधत होती म्हणे, सापडला नाही, तर तोंडाने ओरडली, "बाजूला व्हा!" सगळ्या ट्रॅकवर एकटीच होती ती. ते ओरडणं कुंपणापर्यंत ऐकू आलं आणि सगळं मैदान हसायला लागलं. भोंगेवाली म्हणाली, "झालो बाजूला, अक्का, या!"

शेवटची रेघ ओलांडली. थांबायच्या जागेत थांबली, अगदी हॉटेलच्या दारात लावल्यासारखी.

मास्तर गाडीकडे गेले नाहीत, आधी फळ्याकडे गेले. खडूवाला मुलगा वेळ लिहीत होता. सगळ्यात शेवटचा नंबर, आणि वरच्यात आणि त्यात चांगलंच अंतर. पण नावापुढे आडवी रेघ नव्हती. आकडे होते. मास्तरांनी जवळ जाऊन वाचलं, लांब जाऊन वाचलं, चष्मा पुसून वाचलं.

अक्का हेल्मेट काढून आली, तोंड लालबुंद, केस उभे. "काय झालं? कितवी?"

"शेवटची."

"मग रडतोस कशाला?"

"कुठे रडतोय. धूळ आहे."

"बरं. कशी बसली?"

मास्तरांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, गिऱ्हाइकाला बघतात तसं, आणि म्हणाले, "खांद्यात जरा सैल आहे."

"मग आवळ की. अजून एक फेरी आहे ना?"

दुसऱ्या फेरीत ती शेवटून दुसरी आली. बेकरीवाला शेवटचा. तो आजतागायत म्हणतो त्याचं चाक पंक्चर होतं. नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर जेवायच्या आधी मास्तर मागच्या खोलीत गेले. अक्काने हाक मारली, दोनदा मारली, मग स्वतःच बघायला गेली. मास्तर गाडीत वाकून सीटच्या पाठीला, मानेच्या जागी, ते पिवळं लेबल हाताने शिवत होते. बारीक टाके, चारी बाजूंनी.

पुढे ते हृदयाच्या डॉक्टरकडे गेले, गोळ्या घेतल्या, बऱ्याचदा विसरले, अक्काच्या शिव्या खाल्ल्या. पुढचे सगळे हंगाम अक्का चालवायची आणि मास्तर कुंपणापाशी, गळ्यात टेप. सीट परत स्वतःच्या मापाची केली नाही त्यांनी. कुणी म्हटलं तर म्हणायचे, लेबल लागलंय, आता उसवायची नाही.

गेले ते मशीनवरच, दुपारी, पायाखालची पट्टी थांबली तेव्हा अक्काने वर बघितलं. समोर अर्धी बाही होती. ती अक्काने पूर्ण केली, गिऱ्हाइकाला बोलावून घालायला लावली, हात वर-खाली करायला लावले, आणि मग लेबल लावलं.

हंगाम सुरू झालाय. परवा वेल्डर येऊन बोल्ट बघून गेला. अक्का म्हणते तिचं अंग थोडं कमी झालंय, सीट पुढे घ्यायला हवी, पण टेप कुणाच्या हातात देणार. शेवटी तिने मास्तरांची टेप स्वतःच कमरेला लावली, आकडा बघितला, कुणाला सांगितला नाही, आणि म्हणाली, "जाऊ दे. मार्जिन आहे."