एका दोरीवरचे दोन बाण

पासष्टच्या गणपतीत आमच्या अमरावतीच्या गल्लीतला देखावा माझ्या डोक्यातून निघाला. लढाई पेटली होती. थोरला भाऊ सरहद्दीवर, विमानं पाडायच्या तोफेवर होता. बातम्या लागल्या की आई हातातलं काम टाकून रेडिओपाशी येऊन उभी राही. मी कॉलेजात सायन्सला, म्हणजे अक्कल जरा उतूच चाललेली. परदेशात म्हणे येणारा अग्निबाण दुसऱ्या अग्निबाणानं आभाळातच पाडायच्या खटपटी चालल्या होत्या. पेपरात ते वाचलं आणि ठरवलं, आपण हेच दाखवायचं. नुसत्या धडकेनं पाडायचा.

खाली पुठ्ठ्याचं गाव. मांडवाच्या माथ्यापासून गावापर्यंत ताणलेल्या दोऱ्या, त्यांत ओवलेल्या बोरूच्या नळ्यांना बांधलेले दिवाळीचे बाण. शत्रूचा वरून येणार, आपला खालून जाणार. दोघांना दोन दोऱ्या दिल्या, अगदी लगतच्या. एकाच दोरीवर कुणीही धडकवेल, त्यात कसली मर्दुमकी!

पहिल्या दिवशी आरतीनंतर बाण सुटले आणि एकमेकांकडे ढुंकूनही न बघता निघून गेले. आपला बांबूवर आपटला. शत्रूचा गावात शिरला, दोन घरं पेटली.

"अबे, बाजूनं गेला बे!" पोरं हसत सुटली.

आई प्रसाद न घेताच घरी गेली. जेवताना तिनं विचारलं, "त्याचाबी नेम असाच चुकते काय रे?"

"तिकडं मोठाल्या तोफा रायतेत, आई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप एक दोरी सोडून टाकली. दोन्ही बाण एकाच दोरीवर, समोरासमोर. आईला हाताला धरून पुढे उभं केलं. धडक बसली, ठिणग्या उडाल्या, गाव शाबूत राहिलं. टाळ्या, शिट्ट्या. आईनं गणपतीला हात जोडले. मला वाटलं, जिंकलं.

घरी येऊन तिनं तव्यावर भाकर टाकली आणि बघतच बसली. करपल्याचा वास सुटला.

"आज एकच दोरी होती ना?"

"हो."

"मंग तिकडं आभायात त्याले दोरी कोनं बांधून देल्ली?"

मी भाकर उलटली. बातम्यांची वेळ झाली होती. उठून रेडिओ लावायची हिंमत दोघांनाही होईना.