दोन कुलपांची खोली

गावंडे गुरुजी कुलूप लावलं की ओढून बघत. मग पायऱ्या उतरत, थांबत, परत वर येत आणि पुन्हा ओढत.

अमरावतीहून बदली होऊन मी अकोटजवळच्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा मुख्याध्यापक म्हणून त्यांनी माझा बदलीचा आदेश उन्हात धरून शिक्का तपासला. "बाई, तुमी सोताहून इकडं बदली मागितली? यात काहीतरी आहे." नवऱ्याची नोकरी अकोटला आहे, मी म्हटलं. "पाहू," म्हणाले. हा माणूस मला तिथल्या तिथे नावडला.

संशय त्यांच्या अंगातच मुरलेला. खिचडीच्या तेलाचा वास घेऊन बघायचे. तपासणीचे साहेब न कळवता आले तर यांना कोणी बोलावलं, आणि कळवून आले तर आपल्याला कशाला सावध केलं. "चांगली बातमी आली का पह्यले दार लावून घ्यावं," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

तशात वाघांच्या जंगलातली काही गावं उठवली आणि तिथली कोरकू माणसं आमच्या गावाबाहेरच्या माळावर आणून बसवली. त्यांची लेकरं आमच्या शाळेत आली. त्यांना मराठी धड कळेना, आम्हाला कोरकू कळेना. गावाचे दिवस आधीच वाईट होते. पावसानं दगा दिलेला, कापसाला भाव नाही. कुणाचा डबा हरवला की वस्तीच्या पोरांनी नेला, असंच ठरायचं. वस्तीतल्या बाया तरी कुठे निर्धास्त होत्या? दिवसभर शाळेच्या फाटकाशी बसून राहायच्या. एकदा गाव उचललं, आता पोरंही कुठे उचलून नेतील, हे त्यांच्या मनात.

गुरुजींनी यावर आपल्या स्वभावातलाच उपाय काढला. "गावचे पोट्टे त्यायले चोर म्हणते, ते यायले म्हणते. मी दोघायलेही म्हणतो." प्रत्येक कामाला जोडी लावली, एक गावचं लेकरू आणि एक वस्तीचं. एकानं घंटा द्यायची, दुसऱ्यानं नजर ठेवायची. एकानं वाढायचं, दुसऱ्यानं बघायचं. खिचडीच्या तांदळाच्या खोलीला तर दोन कुलपं. एक किल्ली पोलीस पाटलांच्या नातीकडे, वैष्णवीकडे; दुसरी वस्तीतल्या फुलवंतीकडे. "चोरी कराचीच असन तं दोघीले मिळून करा लागन."

लेकरांना हे शिकवायचं? मी चिडून तोंडावर बोलले. "तुमीच ठेवा भरवसा," ते शांतपणे म्हणाले, "मी कुलपं ठेवतो."

पण नजर ठेवायची तर जवळ बसावं लागतं. वैष्णवी फुलवंतीच्या शेजारी बसू लागली, मग तिला पुस्तक वाचून दाखवू लागली. बदल्यात काय शिकली, तर कोरकूतली एक शिवी. ती घरी जाऊन आजीला दिली आणि मार खाल्ला.

झालं, निमित्तच मिळालं. पाटलांनी पारावर बैठक बोलावली. पोरी बिघडून राहिल्या, वस्तीच्या लेकरांना तिकडेच टिनाची वेगळी खोली बांधून द्या, तोवर आमची पोरं शाळेत येणार नाहीत. साहेब म्हणाले, त्यात वाईट काय, त्यांच्याच सोयीचं आहे. मलाही आधी तसंच वाटलं. गुरुजी म्हणाले, "आज येगळी खोली. उद्या तिले मास्तर नाही. परवा शाळाच नाही. बाई, हे लेकरं पुन्यांदा उठवून राहिले."

दुसऱ्या दिवशी गावचं एकही पोर आलं नाही. वस्तीची सगळी आली. जेवणाची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, एक किल्ली पाटलांच्या घरात आहे. चूल पेटलेली, आधण उकळून आटत चाललेलं. फुलवंती आपली किल्ली हातात धरून दाराशी उभी.

"तोडा ते कुलूप," मी म्हटलं. "लेकरं उपाशी आहेत."

"तोडलं का येगळी शाळा झालीच समजा."

"पण वैष्णवी येईल का?"

"पाटलाची नात हाय. नाही येणार," म्हणाले, आणि फाटकाकडे तोंड करून बसून राहिले. लहानग्यांनी रडायला सुरुवात केली. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मी दगड शोधायला उठले, तोच फाटक वाजलं.

वैष्णवी पळत आली. मागून धापा टाकत पाटील. पोरीनं कुणाकडे पाहिलंही नाही. दोघींनी आपापली कुलपं उघडली आणि तांदळाचं पोतं ओढायला लागल्या.

"सकाळपासून किल्ली मुठीत धरून बसली," पाटील म्हणाले. "जेवन नाही, पानी नाही. म्हणे मी नाही गेली तं फुलवंती उपाशी राह्यते. काय कराव बाप्पा अशा पोरीले?"

गुरुजींनी त्यांना बसायला खुर्ची दिली. मग वैष्णवीला जवळ बोलावून विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून आली?" पोरीवरही संशयच.

पाटील खिचडी होईपर्यंत बसून होते. मग हळूहळू गावची पोरं परत आली. टिनाची खोली झाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी निवृत्त झाले. मला चार्ज देताना त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात दोन बारक्या किल्ल्या होत्या. मी त्या ओळखल्या. त्याच खोलीच्या, दोन्ही कुलपांच्या.

"या तुमच्याजवळ कधीपासून?"

"पह्यल्या दिवसापासून. दोन पोरीयवर सारी शाळा टाकीन का मी?"

"मग त्या दिवशी उघडलं काहून नाही गुरुजी? लेकरं रडत होती."

"उघडलं असतं तं ते पोरगी कशाले आली असती?"

"आणि आली नसती तर?"

"तं उघडलं असतं. लेकरायले जेवू घातलं असतं." त्यांनी जुडग्यातून त्या दोन किल्ल्या सोडवल्या. "जिंदगीभर म्या कोणावर भरवसा नाही ठेवला, बाई. त्या दिवशी लय भेव वाटलं, का आपून बरोबरच निघतो."

किल्ल्या माझ्या हातात ठेवून त्यांनी खोलीला कुलपं लावली. पायऱ्या उतरले, थांबले. मला वाटलं, आता परत येऊन ओढून बघतील. आले नाहीत.